पाठीवरची बटणं

४ जानेवारी

जाऊबाई,

वाकून नमस्कार केला असता, पण कडेवर भिंगरी आहे आणि तुम्ही पाठवलेल्या गाऊनमध्ये वाकता येत नाही. तेव्हा उभ्यानंच घ्या.

पार्सल तीन दिवसांपूर्वी मिळालं. यापुढे फोन नको, पत्रच लिहूया, असं तुम्ही म्हणालात ते बरं झालं. फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि मग दोघीही एकदम फोन आपटतो. कागदावर निदान एकीचं पुरं होईपर्यंत दुसरीला गप्प बसावं लागतं. तुमचे धाकटे दीर म्हणाले, "टपालखात्याचे उपकार, घरात शांतता आली."

आता गाऊनबद्दल. अहो, हा गाऊन आहे की किल्ला? गळा हनुवटीपर्यंत, बाह्या मनगटापर्यंत, पुढून कुठं एक फट नाही, आणि बटणं सगळी पाठीवर, मानेपासून पार कमरेच्या खालपर्यंत. तीही अशी गोलगरगरीत की बोटातून निसटतात. माझी मला लावता येत नाहीत की काढता येत नाहीत. हे पहाटे बेकरीत कामाला जायच्या आधी झोपेत बडबडत ती लावतात आणि दुपारी परत आले की काढतात. मग मी गोदीत माझ्या पाळीला जाते. म्हणजे सबंध सकाळ मी आणि भिंगरी, दोघीच, आणि मध्ये तुमचा किल्ला.

मागच्या महिन्यात तुमच्याकडे आलो होतो तेव्हा तुमच्या शिवणाच्या दुकानात, भर गिऱ्हाइकांत, तिनं माझा स्वेटर वर ओढला आणि तुम्ही म्हणालात, "घोडी झाली, अजून आईच्या अंगावर पिते!" त्या बायका हसल्या. नंतर घरी मी जेवणाच्या ताटावरून उठून निघाले, ते तुम्हाला लागलं असेल. मलाही लागलं होतं. पण राग बाजूला ठेवला तर तुमचं म्हणणं खोटं नाही. मार्चमध्ये मोठ्या क्रेनच्या प्रशिक्षणाला मला दोन आठवडे दुसऱ्या बंदरावर जायचंय. ही संधी सोडली तर पुढची कधी येईल कोण जाणे. तोवर हिचं सुटायलाच हवं.

भिंगरीनं पहिल्याच दिवशी गाऊनची पूर्ण पाहणी केली. गळ्यातून हात घालून पाहिला, खालून शिरून पाहिलं, मग मागे गेली, बटणं सापडली, ओढली, एकही हललं नाही. मग समोर येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दाल बंद?" मी म्हटलं, "हो गं राणी, दार बंद." ती खूप वेळ रडली.

तुमची,
धाकटी

१० जानेवारी

धाकटे,

अनेक आशीर्वाद आणि एक रागावणं. रागावणं आधी घे.

माझ्या शिवणाला किल्ला म्हणतेस? अगं, चांगलं जाड सुती कापड वापरलंय, लग्नाच्या कोटाच्या अस्तरासाठी ठेवलेलं. काजं मुद्दाम घट्ट ठेवलीत. बटणांना दुहेरी दोरा घातलाय आणि देठ गुंडाळून गाठी मारल्यात. कुणी दातांनी ओढलं तरी निघणार नाहीत. मी शिवलेलं बटण आजवर तुटलेलं नाही. गिऱ्हाइकं कोट विटला तरी बटणं कापून परत घेऊन येतात, दुसऱ्या कोटाला लावा म्हणून.

आता ऐक. ती रडेल. तू रडू नकोस. फारच आलं तर क्रेनवर चढ आणि तिथं रड, तिथं तुला बघायला आहे कोण, पक्षी! माझे दोन्ही मुलगे वर्षाचे झाले आणि दुसऱ्या दिवशी बंद. आहेत ना चांगले धडधाकट? थोरला तर दार भरून उरतो. लेकराला एकदा कळलं की आई बधत नाही, की ते आपोआप कपातलं पितं. पण अर्धवट करायचं नाही. आज नाही म्हणायचं आणि उद्या कीव येऊन द्यायचं, असं केलंस तर ती तुझ्या डोक्यावर मिऱ्या वाटेल.

जेवणावरून उठलीस ते मला लागलं. तुझ्या भाऊजींना दोन ताटं खावी लागली. त्यांना मात्र काही लागलं नाही.

भिंगरीला पापा दे. माझ्यावर रागावली असेल तर सांग, काकूनं बाहुलीलाही तसलाच गाऊन शिवायला घेतलाय.

तुझी थोरली

१९ जानेवारी

जाऊबाई,

घ्या, जिंकलात तुम्ही.

आज चौथा दिवस, तिनं मागितलं नाही. सकाळी उठली, माझ्या मागे जाऊन पाठीवरची बटणं थोपटली, स्वतःच म्हणाली "दाल बंद", आणि कप घेऊन बसली. एक थेंब न सांडता प्यायली. हे बेकरीतून आल्यावर म्हणाले, "अगं, ही तर मोठी बाई झाली," आणि तिच्यासाठी आणलेला गोड पाव तिच्या आधी स्वतःच खाल्ला. आनंदानं, असं त्यांचं म्हणणं.

माझी छाती दगडासारखी झालीय. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवते. क्रेनच्या केबिनमध्ये खाली कुणाचं तरी पोर रडल्याचा आवाज आला तरी पान्हा फुटतो आणि डगला ओला होतो. खालचा मुकादम ओरडतो, "हुक का थांबला?" त्याला काय सांगू?

पण जमलं. तुम्ही म्हणालात तसंच झालं. मग मला का बरं वाटत नाही, ते विचारू नका. कागदावर आहे म्हणून लिहिते, फोनवर बोलले नसते. सकाळी डुलकी घेताना ती पूर्वी माझ्याकडे तोंड करून झोपायची. आता पाठीकडे झोपते, हातात एक बटण धरून.

जाऊ दे. आज जरा किरकिर करतेय, नाक वाहतंय, सकाळी थोडं ओकली. हवेचा बदल असेल.

धाकटी

२२ जानेवारी

धाकटे, माझ्या वाघिणी!

तुझं पत्र मी दुकानात मोठ्यांदा वाचून दाखवलं. पान्ह्याचं सोडून, तेवढी अक्कल आहे मला. ज्या बायका त्या दिवशी हसल्या होत्या, त्यातल्या दोघी समोर होत्या. म्हटलं, बघा, क्रेन चालवणारी बाई आहे, मनात आणलं की करून दाखवते. एकीनं तर तसल्या गाऊनची ऑर्डर दिली.

छाती दुखते ते आठवड्यात ओसरेल. बरं वाटत नाही म्हणतेस तेही ओसरेल. सगळ्यांचं ओसरतं.

तुझ्यासाठी दुसरा गाऊन कापायला घेतलाय, निळा, प्रशिक्षणाला न्यायला. बटणं यालाही मागेच, उगाच तुझी सवय मोडायला नको. फक्त आता एक काम कर. पुढच्या पत्रात स्वच्छ अक्षरात लिही, "जाऊबाई, तुमचं बरोबर होतं." मी ते मशीनच्या वर भिंतीला चिकटवणार आहे.

नाक वाहतंय त्याला काय घाबरायचं. पोरांची नाकं वाहण्यासाठीच असतात.

तुझी थोरली

२५ जानेवारी

जाऊबाई,

तुमचा गाऊन मी कात्रीनं फाडला. गळ्यापासून खालपर्यंत. हे आधी लिहून टाकते, म्हणजे बाकीचं वाचताना तुम्ही बसलेल्या असाल.

तुम्हाला पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून भिंगरीचं पोट बिघडलं. वरून उलटी, खालून जुलाब. कपातलं दूध दिलं, बाहेर. पाणी दिलं, बाहेर. मग तर तिनं कप बघितला की तोंड फिरवायला सुरुवात केली. चमचा पुढे केला की ओठ घट्ट. मी गाणी म्हटली, नकला केल्या, बापाच्या चमच्यानं, बाहुलीच्या चमच्यानं, कशानंही नाही. परवा सकाळपर्यंत ती नुसती पडून राहिली. भिंगरी, अहो! जी जागेवर थांबत नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं, ती उचललं की मान टाकायला लागली. रडली, पण डोळ्यांतून पाणी आलं नाही. ओठ सुकून साल निघालं होतं. लंगोट आदल्या संध्याकाळपासून कोरडा.

हे पहाटेच गाऊनची बटणं लावून कामावर गेले होते. नेहमीप्रमाणे. आम्हा दोघांनाही ते सुचलं नाही. रोज लावायची म्हणून त्या दिवशीही लावली. मी वरून कोट चढवला, तिला पोटाशी धरलं आणि दवाखान्यात पळाले.

डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट चिमटीत धरून पाहिलं, तोंड उघडून पाहिलं. मग मला विचारलं, "अंगावर पिते का अजून?" आणि मी, जाऊबाई, अगदी ताठ मानेनं म्हटलं, "नाही, नुकतंच सोडवलं." मला वाटलं, त्या शाबासकी देतील. त्या म्हणाल्या, "दूध असेल ना अजून? मग पाजा. आजारात आईचं दूध बंद करायचं नसतं. वरून जलसंजीवनी चमच्याचमच्यानं. थोडं थोडं, सारखं सारखं. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही किंवा ही आणखी सुस्त झाली, तर इथं थांबू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या. तिथं सलाइन लावतील."

घरी आले. कोट काढला. तिला पलंगावर ठेवलं आणि बटणं काढायला हात मागे नेला.

निघेनात. वरचं एक कसंबसं पकडलं, निसटलं. खालून प्रयत्न केला, भिंतीला पाठ घासली, दाराच्या कडीत अडकवून ओढलं. तुमचं दुहेरी दोऱ्याचं शिवण! तुम्हाला किती शिव्या दिल्या ते लिहीत नाही, टपालखातं पत्र नेणार नाही. शेजारच्या बाईंचं दार वाजवलं, कुलूप. मग मी स्वयंपाकघरात गेले आणि पाकिटं कापायची कात्री आणली.

गळ्यात पातं घातलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. कापड जाड, कात्री बोथट, मला रडू येत होतं. थोडं कापलं, मग धरून ओढलं. टर्रर्र आवाज झाला.

त्या आवाजानं भिंगरीनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. फाटलेल्या कापडाकडे पाहिलं. आणि जाऊबाई, ती लगेच आली नाही. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, चालेल का, असं. माझी पोर, जी पूर्वी कुणाला न विचारता स्वेटर ओढायची, ती परवानगी मागत होती. आवाज अगदी खोल गेला होता. म्हणाली, "दाल?"

मी म्हटलं, "उघडं. उघडं गं माझे बाई, ये."

दूध आटलं असेल अशी मला धास्ती होती. तिनं तोंड लावलं, जोर नव्हता, सुटलं. परत लावलं. आणि पान्हा आला. तो येतो तेव्हा टोचल्यासारखं दुखतं ना, तसं दुखलं, आणि एवढं छान मला आयुष्यात काही दुखलं नाही. ती प्यायली. थोड्या वेळानं ओकली. परत मागितलं. परत प्यायली. मध्येमध्ये एक चमचा जलसंजीवनीचा, तोही आता घेतला, कारण त्यानंतर लगेच दार उघडं होतं.

दुपारी हे आले. आल्या आल्या बघतात तर मी फाटक्या गाऊनमध्ये पलंगावर आणि पोरगी अंगावर. लगेच हात धुऊन चमचा घेऊन बसले. मी गोदीत कळवलं, येत नाही.

आणि संध्याकाळी, दिवे लावायच्या आधी, मला मांडीखाली ऊब लागली. लंगोट भरून गादीवर डाग पसरत चालला होता. मी ओरडले. हे घाबरून धावत आले, गादीला हात लावून पाहिला आणि असे ओरडले की शेजारच्या बाई, ज्या आता कुठं घरी आल्या होत्या, त्या पळत आल्या. आम्ही तिघं त्या ओल्या गादीभोवती उभे राहून हसत होतो. एवढ्या आनंदानं कुणी गादी वाळत घातली नसेल.

अजून जुलाब आहेत, पण डोळ्यांत पाणी येतंय, आणि काल तिनं बापाचं नाक पकडलं. दिवसभर पिते, तान्ह्या बाळासारखी. मी परत पाजायला लागलेय आणि आता सोडवणार नाही, ती आपण होऊन सोडेल तेव्हा सोडेल. रागवायचं तर रागवा. कापड चांगलं होतं, त्याचं तेवढं वाईट वाटतं.

धाकटी

ता. क. हे पत्र बंद करत होते तेवढ्यात तुमचं पत्र आलं. "जाऊबाई, तुमचं बरोबर होतं" असं मी लिहिणार नाही. भिंतीला दुसरं काहीतरी चिकटवा.

६ फेब्रुवारी

जाऊबाई,

बरेच दिवस झाले, तुमचं पत्र नाही. रागावलात हे कळलं. ता. क. लिहायला नको होतं, पण ते पेटीत पडून गेलं होतं.

मी फोन केला असता, पण तुम्ही उचलला असतात आणि बोलला नसतात, तर ते मला सोसवलं नसतं. भांडण चालतं, गप्प बसणं नाही.

भिंगरी बरी आहे. अहो, बरी म्हणजे काय, कालपासून परत गरागरा फिरायला लागली. फिरते, पडते, उठते. दवाखान्याच्या काट्यावर गेलेलं वजन भरून आलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सलाइनशिवाय निभावलंत, शाबास." त्या दिवशी न मिळालेली शाबासकी ही अशी मिळाली. मी दवाखान्यातून घरापर्यंत छाती काढून चालले. पिते त्याच छातीला धरून भिंगरी कडेवर.

एकच गोष्ट. प्रशिक्षणाला जात नाही म्हणून शुक्रवारी साहेबांना कळवणार आहे. हे म्हणतात, मी सांभाळतो, तू जा. पण ती अजून जेवते कमी आणि पिते जास्त. आत्ता कुठं अंग धरलंय तिनं. दोन आठवडे एकदम तोडायचं माझ्यानं होणार नाही. साहेब म्हणतील, बायकांचं हे असंच. म्हणू देत. मला त्याचं फार वाईट वाटेल, पण म्हणू देत.

रागावलेल्या असलात तरी उत्तर द्या.

धाकटी

९ फेब्रुवारी

अगं मूर्ख पोरी,

शुक्रवारी कुणाला काही कळवायचं नाही! हे पत्र वेळेत पोचावं म्हणून जादा तिकिटं लावून टाकतेय.

रागावले? हो, रागावले. तुझं पत्र दुकानात उघडलं, उभ्यानंच. दुसऱ्या पानावर स्टुलावर बसले. तुझे भाऊजी विचारत होते काय झालं, मी कागद त्यांच्या हातात दिला. ते वाचून आत गेले आणि तोंड धुऊन आले. त्या पोरीनं तुझ्या तोंडाकडे पाहिलं म्हणतेस ना, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. जेवताना येतं, मशीनवर येतं. सुई दोनदा बोटात गेली.

पण खरा राग कशाचा आला सांगू? स्वयंपाकघरातली कात्री! कापडाला! पाकिटं कापायची! अगं, शिवणकाम करणाऱ्या घरातली सून तू, बाजूच्या शिवणीत कात्रीचं टोक घालून उसवलं असतंस तर दोन मिनिटांत बाहेर पडली असतीस आणि कापडही वाचलं असतं. बाजूची शिवण मी साधी मारली होती, पुढेमागे सैल करता यावी म्हणून. सगळा जोर बटणांना होता. मजबूत बटणं बघितलीस आणि घाबरलीस. पण नाही, आमची क्रेनवाली, सरळ मधोमध! तो गाऊन टाकू नकोस. फडकं म्हणून वापरलास तर याद राख. तसाच गुंडाळून पाठव.

आता कामाचं. इतके दिवस पत्र नाही, कारण मी बसले नव्हते. घेतलेली कामं पुरी करून देत होते. मार्चचे पहिले दोन आठवडे दुकान बंद. पाटी लावली आहे. तुझ्या भाऊजींना सांगितलं, दोन आठवडे स्वतःचं स्वतः रांधा, ते कधी नव्हे ते लगेच हो म्हणाले. त्या बंदरावर माझी एक जुनी मैत्रीण राहते, प्रशिक्षणाच्या फाटकापासून चार घरं सोडून. तिच्याकडची मागची खोली मागून घेतली आहे. तू, मी आणि भिंगरी. सकाळी तू पाजून कामावर जा. दुपारच्या सुट्टीत मी तिला घेऊन फाटकाशी येईन. संध्याकाळी तू घरी. बाकी दिवसभर ती आणि तिची काकू. कोण कुणाला फिरवतं ते बघू.

ज्या बायकांना "सुटलं, सुटलं" म्हणून सांगितलं होतं, त्यांना बोलावून सगळं परत सांगितलं. ओल्या गादीपर्यंत. जिनं गाऊनची ऑर्डर दिली होती, ती म्हणाली, मग माझ्या गाऊनची बटणं पुढे घ्या. घेतली.

मी दोन मुलांना वर्षाचं होताच तोडलं आणि ते धडधाकट आहेत, हे मी अजूनही म्हणते. पण तुझी पोर तुझ्याकडे परत आली, आणि तू तिला घेतलंस. त्यावर माझं काही म्हणणं नाही. फार छान केलंस.

थोरली

५ मार्च, फाटकावरून, चिठ्ठी

धाकटे, या मिशाळ पहारेकऱ्याच्या हातून ही चिठ्ठी आत पाठवतेय. हा म्हणतो, लहान मुलांना आत सोडायचं नाही. मी म्हटलं, मग आई बाहेर सोड. म्हणतो, नियम नाही. मी म्हटलं, बाबा, तू काय मिशांसकट जन्मलास? तुलाही कुणीतरी पाजलंच असेल ना? आता तो हसतोय, पण फाटक उघडत नाही. भिंगरी त्याच्या खुर्चीत बसली आहे, तो उभा आहे. ये लवकर, नाहीतर ही त्याची टोपी चघळेल.

थोरली

५ मार्च, त्याच कागदाच्या मागे

उतरतेच आहे. शिडी लांब आहे. त्याला म्हणावं त्याच्याच चौकीत दार लावून बसेन, आणि साहेबांना मी सांगितलंय, दुपारची सुट्टी माझी आहे, ती मी कशी घालवायची ते मी ठरवेन. साहेब म्हणाले, "ठीक आहे बाई, ठीक आहे." टोपी चघळू देत.

धाकटी

१३ मार्च, फाटकावरून, चिठ्ठी

मिशाळ सांगतो, तुझी परीक्षा दुपारच्या सुट्टीतच घेतायत. तेव्हा घाई करून उतरू नकोस. भिंगरीनं केळं खाल्लं, पावाचा तुकडा खाल्ला, मिशाळच्या डब्यातलंही खाल्लं. त्यानं तिला खांद्यावर घेतलंय आणि दोघं कुंपणातून वर बघतायत. ती बोट दाखवून सगळ्यांना सांगते, "आई वल." येणारे-जाणारे थांबून वर बघतायत. मीही बघतेय. अगं, केवढ्या उंचावर बसतेस तू! मला कधी सांगितलं नाहीस. मान दुखली माझी. तो क्रेनला लटकलेला मालाचा डबा गाडीवर अलगद ठेव, बटण लावतात तसा, नेमका काजात.

थोरली

१३ मार्च, त्याच कागदाच्या मागे

ठेवला. पास! पहिल्या खेपेत! परीक्षक म्हणाले, एवढा अलगद आज कुणी ठेवला नाही. दोघी फाटकाशी थांबा, नाही, तिघं, मिशाळलाही थांबवा. मी येतेय, पळत.

२१ मार्च

धाकटे,

घरी पोचून पाच दिवस झाले. तुझे भाऊजी बारीक झाले नाहीत, उलट जाड झालेत. शेजारणींनी पाळी लावून खाऊ घातलं म्हणे.

सोबत तुझा गाऊन आहे. तोच. तू फाडलेला. नवा निळा शिवायचा राहिला, तो राहू दे.

तुझा काप अगदी वेडावाकडा होता. वरून सरळ निघाला आणि मग डावीकडे घसरला. दुसऱ्या कुणाचं कापड असतं तर सरळ कापून घेतलं असतं. हा मी तसाच ठेवला. जसा गेलाय तसाच दोन्ही कडांना गोट लावला, लाल, लपवायचा नाही म्हणून. पाठीवरची बटणं सगळी काढली आणि पाठ शिवून टाकली. माझीच गाठ सोडवायला मला अर्धा दिवस लागला, तेव्हा तुझ्या त्या सकाळचं मला नीट कळलं.

नवी बटणं पुढे आहेत. मोठी, चपटी, काजं सैल. भिंगरीच्या बोटांचं माप मी तिथं असतानाच घेतलं होतं, झोपेत. तिची तिला उघडता येतील. कधी उघडायचं आणि कधी नाही, ते आता तिच्या हातात.

बटणांना दोरा मात्र दुहेरीच आहे. सवय जात नाही.

तुझी थोरली

२८ मार्च

जाऊबाई,

या वेळी वाकून नमस्कार. या गाऊनमध्ये वाकता येतं.

काल घातला. लाल गोट बघून हे म्हणाले, "हा तर युद्धात जखमी झालेला गाऊन आहे, याला पदक द्या." भिंगरी आली, आधी सवयीनं मागे गेली. पाठीवर हात फिरवला, काही नाही. मग समोर आली. बटण पाहिलं. बोटानं ढकललं, आणि ते सुटलं!

तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होतात. डोळे हे एवढे. दुसरं सोडवलं. तिसरं. वेड्यावाकड्या रेघेवरून खाली खाली जात सगळी सोडवली, आणि ओरडली, "दाल उघललं! मी उघललं!" मी तयार होऊन बसले होते, पदर सावरून म्हणतात तशी.

आणि तिनं काय केलं असेल? परत लावायला बसली. खालचं बटण धरलं, जीभ बाहेर काढून काजात घातलं, सुटलं, परत घातलं. लागलं. टाळ्या वाजवल्या. मग परत सोडवलं. परत लावलं. माझ्या मांडीवर बसून किती वेळ तेच चाललं होतं. शेवटी गळ्यापर्यंत सगळी लावून झाली, एक-दोन चुकीच्या काजात, आणि ती उतरून गरागरा फिरायला निघून गेली.

प्यायची विसरली, जाऊबाई! पहिल्यांदाच, आपली आपण.

झोपताना आठवण झाली, मग प्यायली, माझ्याकडे तोंड करून. उद्या परत विसरेल, परवा आठवेल. चालेल. सोमवारपासून मोठ्या क्रेनवर माझी पाळी सुरू होते. तुमचं बरोबर होतं, हा गाऊन तिला सोडवणार. फक्त बटणं चुकीच्या बाजूला होती.

हे वाक्य स्वच्छ अक्षरात लिहिलंय. मशीनच्या वर चिकटवा.

तुमची,
धाकटी